गॅरेजच्या गोष्टीतले मास्तर

एचपीच्या गॅरेजची गोष्ट आपल्याला पाठ असते, पण त्यातले मास्तर कुणाला आठवत नाहीत. स्टॅनफर्डचे फ्रेडरिक टर्मन. त्यांचा विद्यार्थी डेव्हिड पॅकार्ड पार पूर्वेला, जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला लागला होता. १९३८ साली टर्मनसरांनी फेलोशिप मिळवून देऊन त्याला परत आणलं. बिल हेवलेट तिथेच शिकत होता. त्याच्या प्रबंधातल्या ऑसिलेटरमध्ये सिग्नलची पातळी स्थिर ठेवायला चक्क एक छोटासा बल्ब होता! सर म्हणाले, हे विका. १९३९ साली ५३८ डॉलरवर कंपनी सुरू झाली, आणि डिस्नेने 'फँटेशिया'साठी आठ ऑसिलेटर घेतलेसुद्धा.

आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट? व्हायवा झाली, काळं बाइंडिंग कपाटात गेलं. 'हे कुणाला विकता येईल रे?' असं एकाही सरांनी विचारलं नाही. तसं आम्हीही विचारलं नाही म्हणा.