विंडोजच्या इन्स्टॉलेशन इमेजमध्ये सुधारणांचे एकत्रीकरण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणकाच्या कार्यप्रणालीचा इतिहास सर्वसाधारणपणे तिच्या आवृत्त्यांच्या क्रमाने लिहिला जातो. कोणती आवृत्ती कोणत्या वर्षी आली, तिच्यात कोणत्या नव्या सोयी होत्या, ती लोकप्रिय ठरली की अयशस्वी झाली, अशा प्रश्नांभोवती हे लेखन फिरते. दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात प्रणालीत सतत होणाऱ्या दुरुस्त्यांकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः सीडीवर छापून बाहेर पडलेली कार्यप्रणाली त्या दिवसापासूनच जुनी होऊ लागते. तिच्यातील दोष उघडकीला येतात, त्यांवर सुधारणा प्रसिद्ध होतात. परंतु सीडी मात्र आहे तशीच राहते. नव्या संगणकावर ती जुनी प्रणाली बसवायची आणि मग एकामागून एक सुधारणा चढवीत बसायचे, की मूळ संचातच सुधारणा मिसळून घ्यायच्या, हा प्रश्न जगभरच्या संगणक-व्यवस्थापकांसमोर गेली पंचवीस वर्षे उभा आहे. प्रस्तुत निबंधात मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज प्रणालीच्या संदर्भात या प्रश्नाची वाटचाल पाहिली आहे.

स्लिपस्ट्रीमिंगचा उदय

१९९६ मध्ये आलेल्या विंडोज एनटी ४.० या प्रणालीसाठी कंपनीने एकूण सहा सर्व्हिस पॅक काढले. सर्व्हिस पॅक म्हणजे तोवरच्या दुरुस्त्यांचा एकत्रित संच. एनटीच्या काळातील मोठी अडचण अशी होती की, सर्व्हिस पॅक बसविल्यानंतर व्यवस्थापकाने मूळ सीडीवरून नेटवर्कचा एखादा घटक नव्याने जोडला, तर त्या घटकाच्या जुन्या फाइली पुन्हा प्रणालीत शिरत. परिणामी सर्व्हिस पॅक पुन्हा चढवावा लागे. हे विसरले गेले की बंद झालेला दोष निमूटपणे परत उघडा होई, आणि पडद्यावर त्याची कोणतीही सूचना मिळत नसे.

फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० विक्रीस आली आणि या अडचणीवर पहिला पद्धतशीर उपाय मिळाला. सीडीवरील आय३८६ हे फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचे आणि सर्व्हिस पॅकच्या प्रोग्रॅमला विशिष्ट पर्याय देऊन त्या फोल्डरवर चालवायचे. मग तो प्रोग्रॅम चालू संगणकाला हात न लावता फोल्डरमधील जुन्या फाइलींच्या जागी नव्या फाइली ठेवी आणि इन्स्टॉलेशनच्या याद्या त्यानुसार बदली. या क्रियेला ‘स्लिपस्ट्रीमिंग’ असे नाव रूढ झाले. वेगाने जाणाऱ्या वाहनाच्या मागे हवेचा जो ओघ तयार होतो, त्यावरून घेतलेला हा शब्द आहे. सुधारणा मूळ प्रवाहात सहज ओढल्या जाव्यात, हा त्यातील भाव. अशा फोल्डरवरून बसविलेला संगणक पहिल्या दिवसापासूनच सुधारित असे, आणि पुढे कोणताही घटक जोडला तरी सुधारित फाइलच उचलली जाई.

तथापि हे सुधारित फोल्डर पुन्हा सीडीवर उतरविणे सोपे नव्हते. सीडीवरून संगणक सुरू व्हावा यासाठी मूळ सीडीतील २०४८ बाइटांचा बूट विभाग वेगळा काढून तो नव्या सीडीला जोडावा लागे. हे न जमल्यामुळे वाया गेलेल्या कोऱ्या सीडींची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही.

सर्व्हिस पॅकनंतर येणाऱ्या सुट्या पॅचचा प्रश्न यापेक्षा किचकट होता. प्रारंभी ते फोल्डरमध्ये मिसळत नसत. त्यांच्यासाठी वेगळे उपफोल्डर करून, फाइलींची नावे आठ अक्षरांत बसवून, एका यादीत ती नोंदवावी लागत. इन्स्टॉलेशनच्या अखेरच्या टप्प्यात ते पॅच एकेक करून चालत. याला एकत्रीकरण म्हणण्यापेक्षा स्वयंचलित रांग म्हणणे अधिक योग्य होईल, कारण प्रणाली आधी जुन्याच फाइलींनी बसे आणि नंतर दुरुस्त होई. पुढे विंडोज एक्सपीच्या काळात अनेक पॅचच्या प्रोग्रॅमनाही थेट एकत्रीकरणाचा पर्याय मिळाला.

ऑगस्ट २००३ आणि त्यानंतर

हा विषय केवळ सोयीचा नाही, हे २००३ मध्ये सिद्ध झाले. १६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील दूरस्थ आज्ञा-सेवेतील एका गंभीर दोषावर पॅच प्रसिद्ध केला. त्यानंतर चारच आठवड्यांनी, ११ ऑगस्ट रोजी, त्याच दोषाचा फायदा घेणारा ‘ब्लास्टर’ हा वर्म पसरला. तो पसरण्यासाठी वापरकर्त्याने काहीही उघडण्याची गरज नव्हती. संगणक जाळ्याला जोडलेला असणे पुरेसे होते. बाधित संगणकावर साठ सेकंदांत बंद होण्याची सूचना झळके आणि तो खरोखरच बंद पडे.

येथेच जुन्या सीडीचा धोका प्रकट झाला. २००१ च्या सीडीवरून विंडोज एक्सपी नव्याने बसविली, आणि पॅच उतरवून घेण्यासाठी ती जाळ्याला जोडली, की पॅच पूर्ण उतरण्यापूर्वीच वर्म आत शिरण्याची शक्यता असे. एक्सपीत फायरवॉल होती, पण ती मुळात बंद ठेवलेली होती. औषध आणण्यासाठी घराबाहेर पडावे आणि वाटेतच तो आजार जडावा, अशी ही स्थिती होती. एप्रिल २००४ च्या अखेरीस ‘सॅसर’ या वर्मने तिची पुनरावृत्ती केली. त्याचा पॅच १३ एप्रिललाच उपलब्ध झालेला होता. या वेळी मधला अवधी चार आठवड्यांवरून अडीच आठवड्यांवर आला होता. सुधारणांसह सिद्ध केलेली सीडी ही या कोंडीतून सुटण्याची सर्वांत भरवशाची वाट होती, कारण तिच्यामुळे संगणकाला जाळ्याचे पहिले दर्शन सुधारित अवस्थेतच होई.

ऑक्टोबर २००३ पासून कंपनीने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुधारणा प्रसिद्ध करण्याची प्रथा सुरू केली, आणि ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला. त्यात फायरवॉल आपोआप चालू राहील अशी व्यवस्था होती. त्याचा पूर्ण संच सुमारे २६६ एमबीचा होता. भारतातील तत्कालीन परिस्थितीत या आकड्याचा अर्थ काय होता, हे पाहण्यासारखे आहे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस ही ब्रॉडबँडची किमान गती ठरविली होती. त्या गतीने हा संच उतरण्यास जवळजवळ दोन तास वीस मिनिटे लागतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तीस संगणक असतील आणि प्रत्येकाने तो स्वतंत्रपणे उतरवायचा म्हटला, तर एकाच जोडणीवर सत्तर तास खर्ची पडतात. डायल-अप जोडणीवर तर एका संगणकाचाच हिशेब पंधरा तासांच्या आसपास जातो. तोच संच एकदा उतरवून मूळ फोल्डरमध्ये मिसळला, की तिसाव्या संगणकासाठी एकही अधिक बाइट उतरवावा लागत नाही. वेगवान जोडण्या असलेल्या देशांत जे तंत्र वेळ वाचविण्याचे साधन होते, ते येथे बऱ्याच ठिकाणी अद्ययावत राहण्याची एकमेव व्यवहार्य रीत होते.

याच काळात ‘एनलाइट’ यांसारखी बाहेरची साधने लोकप्रिय झाली. सुधारणा मिसळणे, ड्रायव्हर घालणे आणि नको असलेले घटक काढून टाकणे ही सर्व कामे त्यांत एकाच खिडकीतून होत. पहिल्या दोन कामांबद्दल या साधनांचे श्रेय मान्य केले पाहिजे. तिसरे काम मात्र अनेकांना महागात पडले. काढून टाकलेल्या घटकावर पुढची एखादी सुधारणा विसंबून असे आणि ती बसण्यास नकार देई. हलकी प्रणाली मिळविण्याच्या हौसेपायी सुधारणेचा मार्गच बंद करून घेण्याचा हा प्रकार होता.

विम इमेज आणि डिझम

विंडोज व्हिस्टा या आवृत्तीने (संस्थांसाठी नोव्हेंबर २००६, सर्वसामान्यांसाठी जानेवारी २००७) हा पाया बदलला. सुट्या फाइलींच्या फोल्डरऐवजी संपूर्ण बसलेली प्रणाली ‘विम’ नावाच्या एका इमेज फाइलमध्ये येऊ लागली. एकाच विम फाइलमध्ये अनेक आवृत्त्या राहू शकतात आणि त्यांना समान असलेली फाइल एकदाच साठविली जाते. गंमत अशी की, या प्रगत रचनेमुळे सर्व्हिस पॅक मिसळणे आधी कठीण झाले. व्हिस्टाचा आणि पुढे विंडोज ७ चा सर्व्हिस पॅक इमेजमध्ये बाहेरून मिसळता येत नसे. कंपनीकडून नवी डीव्हीडी मिळवावी, अथवा एका संगणकावर सारे बसवून त्याची नवी इमेज काढावी, हेच पर्याय उरले. सुट्या सुधारणांना मात्र हा निर्बंध नव्हता. आणि २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर आलेल्या ‘डिझम’ या साधनाने इमेज एखाद्या फोल्डरवर उघडणे, तीत सुधारणा घालणे व बदल जतन करून ती बंद करणे ही कामे एकत्र आणली.

विंडोज ७ चा पहिला सर्व्हिस पॅक फेब्रुवारी २०११ मध्ये आला आणि तोच शेवटचा ठरला. पुढील पाच वर्षांत सुट्या सुधारणांचा डोंगर साचला. नव्याने बसविलेला संगणक कोणत्या सुधारणा हव्यात हे शोधण्यातच तासन्‌तास घालवू लागला. मे २०१६ मध्ये कंपनीने एप्रिल २०१६ पर्यंतच्या बहुतेक सुधारणांचा एक संच दिला. तो इमेजमध्ये मिसळता येत असे. मात्र त्यापूर्वी एप्रिल २०१५ ची सुधारणा-यंत्रणेचीच सुधारणा घालणे आवश्यक होते. क्रम चुकला की काम अडे.

जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने प्रत्येक मासिक सुधारणेत मागील सर्व सुधारणा समाविष्ट करण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे शेकडो पॅचची यादी सांभाळण्याचे काम संपले आणि कार्यक्षमतेचा प्रश्न वेगळ्या जागी सरकला. विम फाइलमधील प्रत्येक आवृत्तीवर सुधारणा स्वतंत्रपणे चढवावी लागते. म्हणून अनुभवी व्यवस्थापक हवी तेवढीच आवृत्ती आधी वेगळ्या फाइलीत काढून घेतात; सात आवृत्त्यांवर तेच काम सात वेळा करण्यात अर्थ नसतो. भाषा-संच मासिक सुधारणेच्या आधी घालावे लागतात. जुने घटक साफ केले तरी फाइलचा आकार लगेच घटत नाही. इमेज पुन्हा नव्या फाइलीत निर्यात केल्यावरच ती आटोपशीर होते. ती चार जीबीच्या वर गेली तर फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर मावत नाही आणि तिचे तुकडे करावे लागतात.

शिवाय इमेजच्या पोटात आणखी एक इमेज असते. संगणक बिघडल्यास दुरुस्तीसाठी उघडणारी छोटी विंडोज मुख्य विम फाइलच्या आत दडलेली असते आणि मुख्य प्रणाली सुधारली तरी ती आपोआप सुधारत नाही. जानेवारी २०२४ मध्ये याच छोट्या प्रणालीतून डिस्कचे कूटबद्ध संरक्षण चुकविता येईल असा दोष दुरुस्त करण्यात आला. तेव्हा असंख्य संगणकांवर ती सुधारणा बसलीच नाही, कारण तिच्यासाठी राखलेल्या विभागात पुरेशी जागा नव्हती. इमेज तयार करतानाच ही आतली प्रणाली सुधारणाऱ्यांना आणि विभाग पुरेसा मोठा ठेवणाऱ्यांना हा त्रास झाला नाही.

सप्टेंबर २०२४ पासून विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत मासिक सुधारणांचा वाढता आकार आवरण्यासाठी मधले टप्पे ठरविण्यात आले. एकत्रीकरणाच्या वेळी नव्या सुधारणेबरोबर आधीच्या टप्प्याची फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवावी लागते. मे २०२३ मध्ये सुरू झालेला बदल याहून मूलगामी आहे. ‘ब्लॅकलोटस’ या बूट-हल्ल्यानंतर कंपनीने जुने बूट-प्रोग्रॅम अविश्वसनीय ठरविण्याची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने हाती घेतली. ज्या संगणकावर ही बंदी लागू केली जाते, त्याचे सुरक्षित बूट चालू असताना त्यापूर्वीच्या सीडी, पेनड्राइव्ह वा नेटवर्क-इमेजवरून तो सुरूच होत नाही. अशा संगणकासाठी प्रयोगशाळेच्या कपाटात जपून ठेवलेल्या पेनड्राइव्हमधील बूट-फाइलीही बदलून घ्याव्या लागतात.