शिर्डी विमानतळ : गाडी कुठे लावायची, आत काय सोयी आणि घरून निघायचे किती वाजता?

काकडी (ता. कोपरगाव) : एसटी चुकली तर तास-दीड तासात दुसरी मिळते. विमान चुकले तर तसे होत नाही. तिकिटाचे पैसे बहुतेक सगळे बुडतात, फार तर कर आणि विमानतळ शुल्काचा भाग परत मागता येतो. पुढचे विमान त्या दिवशी असेलच असेही नाही.

शिर्डी विमानतळ सुरू झाल्यापासून परिसरातल्या तालुक्यांतून विमानाने जाणाऱ्यांची संख्या वाढली. कुणाचा मुलगा बेंगळुरूला नोकरीला, कुणाची लेक हैदराबादला, कुणाला दिल्लीला काम. त्यात पहिल्यांदाच विमानात बसणारे अनेक असतात. अशा प्रवाशांचा गोंधळ विमानात होत नाही, तो विमानतळाच्या दारातच होतो. गाडी कुठे लावायची, सोडायला आलेल्यांनी कुठपर्यंत यायचे, बॅगेत काय चालते, उशीर झाला तर कुणाला विचारायचे, याची ही माहिती.

विमानतळ शिर्डीत नाही, काकडीत

तिकिटावर ‘शिर्डी’ लिहिलेले असते आणि शहराचा संकेत ‘एसएजी’ असा असतो. प्रत्यक्षात विमानतळ कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावाच्या शिवारात आहे. शिर्डी गाव राहाता तालुक्यात. दोन्हींमध्ये साधारण 14 किलोमीटरचे अंतर आहे. ‘शिर्डीत पोहोचलो म्हणजे विमानतळावर पोहोचलो’ असे समजू नका. गुरुवारी, शनिवार-रविवारी, रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसऱ्याला शिर्डीत भाविकांची गर्दी असते. त्या दिवशी शहरातून जायचे असेल तर अर्धा-पाऊण तास जादा धरा.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. 5 जून 2025 पासून नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंतचा 701 किलोमीटरचा पूर्ण रस्ता सुरू आहे. त्यामुळे वैजापूर, सिन्नर, इगतपुरीकडून चारचाकीने येणे सोपे झाले. पण समृद्धीवर दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे. मोटारसायकलवर येणाऱ्यांनी जुनाच रस्ता धरावा. रेल्वेने येणाऱ्यांना साईनगर शिर्डी आणि कोपरगाव ही दोन स्टेशने आहेत. दोन्हीकडून पुढे रिक्षा किंवा टॅक्सी करावी लागते, तोही वेळ हिशोबात धरा.

हे विमानतळ कसे झाले?

विमानतळ उभारले ते राज्य सरकारच्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने. नागपूरचा मिहान प्रकल्प हाताळणारी हीच कंपनी. त्यासाठी काकडी परिसरातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. 1 ऑक्टोबर 2017 रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते उद्घाटन झाले. साईबाबांच्या समाधीला 2018 मध्ये 100 वर्षे पूर्ण होणार होती, त्या शताब्दी वर्षाची सुरुवातही त्याच दिवशी झाली. पहिले विमान मुंबईसाठी उडाले.

धावपट्टी 2500 मीटर लांब आहे. म्हणजे अडीच किलोमीटर. एवढ्या लांबीवर 180-190 आसनांची मोठी प्रवासी विमाने उतरू शकतात, म्हणून हैदराबाद, चेन्नई, बेंगळुरू, दिल्ली अशा लांबच्या शहरांशी शिर्डी जोडली गेली.

अडचणीही आल्या. सुरुवातीची कित्येक वर्षे इथे विमाने फक्त दिवसाउजेडी उतरत. धुके पडले, ढग खाली आले, समोरचे नीट दिसेना झाले की विमान उतरू शकत नसे. नोव्हेंबर 2019 मध्ये याच कारणाने बरेच दिवस विमाने बंद राहिली. त्याआधी 29 एप्रिल 2019 रोजी दिल्लीहून आलेले एक विमान उतरताना धावपट्टीच्या पुढे गेले होते. मार्च 2020 च्या लॉकडाऊनमध्ये वाहतूक थांबली. ती पुन्हा सुरू झाली ऑक्टोबर 2021 मध्ये, मंदिर भाविकांसाठी उघडले तेव्हा.

रात्रीच्या उतरण्याचा प्रश्न 2025 मध्ये सुटला. गुढीपाडव्याला, 30 मार्च 2025 रोजी, रात्रीचे पहिले प्रवासी विमान हैदराबादहून आले. सध्याची टर्मिनल इमारत लहान आहे. दोन विमानांचे प्रवासी एकाच वेळी आले की आत दाटी होते. म्हणून नवीन मोठ्या टर्मिनलचे भूमिपूजन 9 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनी ऑनलाइन केले. त्याचा खर्च 645 कोटी रुपये सांगण्यात आला. 2027 मध्ये नाशिकला सिंहस्थ कुंभमेळ्याची मोठी स्नाने आहेत, तेव्हा इथला ताण आणखी वाढणार.

या इतिहासातून प्रवाशाने एक गोष्ट घ्यावी. रात्रीचे विमान आले तरी हवामान आपल्या हातात नाही. हिवाळ्यात पहाटेचे किंवा सकाळचे विमान असेल, पावसाळ्यात आभाळ खाली आले असेल, तर घरून निघण्याआधी कंपनीचा मेसेज आणि अ‍ॅप एकदा बघाच. शिवाय विमानांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी बदलते. गावातल्या कुणी गेल्या वर्षी सांगितलेली वेळ यंदा धरू नका.

गाडी कुठे लावायची?

टर्मिनलच्या दारासमोरची लेन फक्त माणसे आणि सामान उतरवण्यासाठी असते. तिथे गाडी उभी करून ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणत आत जाता येत नाही. ड्रायव्हर गाडीतच बसलेला हवा. थांबायचे असेल तर गाडी टर्मिनलसमोरच्या पार्किंगमध्ये न्यावी.

- पार्किंगचे दर फलकावर लिहिलेले असतात. आत शिरण्याआधी वाचा. किती मिनिटांनंतर पैसे लागतात, दिवसाचा दर किती, हे विचारून घ्या.
- मिळालेली पावती जपून ठेवा. त्यावर आत शिरल्याची वेळ असते, पैसे त्यावरूनच मोजतात. मोबाईलमध्ये तिचा फोटो काढून ठेवा.
- गाडी दोन-चार दिवस ठेवायची असेल तर एकूण भाडे आधीच काढा. पुष्कळदा गाडी ठेवण्यापेक्षा घरच्या कुणी सोडून परत जाणे स्वस्त पडते.
- गाडीत दागिने, रोकड, कागदपत्रे ठेवू नका.
- घ्यायला आलेल्यांनी विमान उतरल्याचा फोन येईपर्यंत पार्किंगमध्येच थांबावे. उतरल्यानंतर बॅग मिळून बाहेर यायला 20 मिनिटे ते अर्धा तास लागतो.

आपल्याकडे एकाला सोडायला सगळी भावकी निघते. प्रेम आहे, पण तिकीट नसलेल्याला टर्मिनलच्या आत सोडत नाहीत. हारतुरे, पाया पडणे, फोटो हे सगळे दाराबाहेर उरका आणि प्रवाशाला वेळेत आत जाऊ द्या. आत गेलेला प्रवासी मग गप्पा मारायला बाहेर येऊ शकत नाही.

घड्याळ उलटे मोजा

समजा विमान दुपारी 12 वाजता सुटणार आहे. तर हिशोब असा:

- 11.35 च्या सुमाराला विमानाचे गेट बंद होते.
- 11 वाजता चेक-इन काउंटर बंद होते. बहुतेक कंपन्यांचा नियम 60 मिनिटांचा आहे. 11.05 ला पोहोचलात तर बॅग घेत नाहीत, विनंती करूनही नाही.
- 10 वाजता तुम्ही टर्मिनलच्या दारात हवेत.
- घरापासूनचा रस्ता एक तासाचा असेल तर 8.30 ला निघा. अर्धा तास पंक्चर, ट्रॅक्टर आणि गर्दीसाठी.

मोबाईलवर चेक-इन आदल्या दिवशीच करता येते. सीट निवडायचे पैसे मागितले तर घाबरू नका, तो पर्याय सोडून पुढे जाता येते. मग मिळेल ती सीट.

दारात काय दाखवायचे?

तिकीट (मोबाईलवरचे चालते) आणि सरकारी ओळखपत्र. आधार, मतदार कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, पॅन किंवा पासपोर्ट यातले एक. तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळले पाहिजे. तिकीट काढणाऱ्याने ‘बाळू’ टाकले आणि आधारवर ‘बाळासाहेब’ असेल तर दारात अडकायला होते. लग्न झालेल्या मुलींच्या माहेर-सासरच्या आडनावाचेही तसेच. तिकीट काढल्या दिवशीच तपासा आणि कंपनीकडून दुरुस्त करून घ्या. 2 वर्षांखालच्या बाळाचे वय दाखवायला जन्मदाखला सोबत ठेवा.

बॅगेत काय चालते, काय नाही?

देशातल्या साध्या तिकिटावर सहसा 15 किलोची मोठी बॅग आणि हातात 7 किलोची एक बॅग नेता येते. नेमका आकडा तिकिटावर असतो. बॅग घरीच वजनकाट्यावर ठेवून बघा, जादा वजनाचे पैसे किलोवर लागतात.

- पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच. मोठ्या बॅगेत ठेवल्या तर बॅग उघडायला बोलावतात.
- चाकू, कात्री, अडकित्ता, विळी मोठ्या बॅगेत. हातातल्या बॅगेत सापडले तर काढून घेतात.
- काडीपेटी आणि लायटर नेऊच नका.
- मिरची पूड, ठेचा, लोणचे घट्ट बांधून मोठ्या बॅगेत. हातातल्या बॅगेत मिरची चालत नाही.
- सुके खोबरे मोठ्या बॅगेत नेता येत नाही. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडते. अख्खा नारळही हातातल्या बॅगेत सहसा अडवतात. देवळातून नारळ घेतला असेल तर घरच्यांकडे परत पाठवा. लाडूचा प्रसाद आणि उदी न्यायला अडचण नाही.
- भाकरी, चपाती, कोरडा खाऊ सोबत ठेवला तरी चालतो. आतला चहा-नाश्ता बाहेरच्यापेक्षा महाग असतो.

म्हातारी माणसे, आजारी, गरोदर महिला

चालता येत नसेल तर व्हीलचेअर मागता येते. तिकीट काढतानाच किंवा प्रवासाच्या किमान 48 तास आधी कंपनीला कळवा. दिव्यांग प्रवाशाकडून त्याचे पैसे घेत नाहीत. माणूस दारापासून विमानापर्यंत सोबत येतो. एकट्या आजी-आजोबांसाठी ही सोय फार कामाची आहे, कारण काउंटर, तपासणी, गेट कुठे आहे हे शोधत बसावे लागत नाही.

रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा. गरोदर महिलेला सातवा महिना उलटला असेल तर कंपनीला आधी विचारा आणि डॉक्टरांचा दाखला जवळ बाळगा.

विमानाला उशीर झाला, रद्द झाले तर?

इथे अनेक जण गप्प बसून राहतात. पण नियम प्रवाशाच्या बाजूचे आहेत, ते माहीत असले पाहिजेत.

- शिर्डीहून जाणाऱ्या अडीच तासांपर्यंतच्या विमानाला 2 तासांहून जास्त उशीर झाला आणि तुम्ही वेळेत चेक-इन केले असेल, तर खाणे-पिणे कंपनीने द्यायचे असते. काउंटरवर जाऊन मागा.
- उशीर 6 तासांहून जास्त होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातले एक मागता येते.
- आधी न कळवता विमान रद्द केले तर दुसरे विमान किंवा पैसे परत मिळतात. त्याशिवाय विमानाच्या वेळेनुसार 5,000 ते 10,000 रुपयांपर्यंत भरपाई ठरलेली आहे. मूळ भाडे आणि इंधन शुल्क त्याहून कमी असेल तर तेवढी.
- धुके, वादळ अशा कारणाने रद्द झाले तर ही भरपाई मिळत नाही. म्हणून कारण काय ते विचारा आणि मेसेज जपून ठेवा.
- बॅग आली नाही किंवा फुटली तर बाहेर पडण्याआधीच काउंटरवर लेखी तक्रार करा. घरी गेल्यावर सांगितले तर ऐकायला कुणी नसते.

कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ अ‍ॅपवर किंवा वेबसाइटवर तक्रार नोंदवता येते.

निघण्याआधी एवढे तपासा

तिकिटावरचे नाव, ओळखपत्र, विमानाची आजची वेळ, बॅगेचे वजन, बॅगेतले खोबरे आणि पॉवर बँक, म्हाताऱ्या माणसासाठी सांगितलेली व्हीलचेअर, मोबाईलचे चार्जिंग. एवढे जमले की पहिल्यांदा जाणाऱ्यालाही विमानतळाची धास्ती राहत नाही. घरात कुणी विमानाने जाणार असेल तर त्यांना हे आदल्या रात्रीच वाचून दाखवा.