जुळ्या नौकेवरील गोड्या पाण्याचे नियोजन : पॅसिफिक महासागराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

नौकानयनाचा इतिहास प्रायः शिडे, सुकाणू, होकायंत्र आणि तोफा यांच्या आधारे लिहिला गेला आहे. जहाजावरील माणसे काय पीत होती, हा प्रश्न त्या इतिहासात तळटीपेपुरताच येतो. वस्तुतः किनाऱ्यापासून जहाज किती दूर जाऊ शकेल याची मर्यादा पुष्कळदा शिडांनी नव्हे, तर बरोबर घेतलेल्या गोड्या पाण्याने ठरविली. दोन होड्या शेजारी शेजारी ठेवून आडव्या वाशांनी जोडलेल्या जुळ्या नौकेच्या, म्हणजे आजच्या भाषेत ज्याला कॅटामरान म्हणतात त्या नौकेच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. प्रस्तुत लेखात अशा नौकेवरील पाण्याच्या नियोजनाचा ऐतिहासिक अंगाने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रारंभी दोन शब्दांचा उलगडा करणे उपयुक्त ठरेल. 'कॅटामरान' हा शब्द तमिळमधील 'कट्टुमरम' म्हणजे 'बांधलेली लाकडे' यावरून आला. कोरोमंडल किनाऱ्यावरील कोळ्यांचा ओंडक्यांचा तराफा हा त्याचा मूळ अर्थ होय. पॅसिफिकमधील जुळ्या नौकेला हे नाव युरोपीयांनी पुढे चिकटविले. दुसरा शब्द पाणी साठविण्याच्या 'टँक'चा. इंग्रजी कोशकार त्याचा संबंध गुजरातीतील 'टांकुं' आणि मराठीतील 'टांके' यांच्याशी जोडतात. पोर्तुगीज 'तांक' या शब्दाचाही त्यावर प्रभाव असावा असे मानले जाते. कान्हेरीच्या लेण्यांतील किंवा शिवनेरीवरील कातळात खोदलेली टाकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा शब्दप्रवास आश्चर्याचा वाटणार नाही. तथापि नाव येथून गेले म्हणून वस्तूही येथूनच गेली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळलेला बरा. जुळी नौका ही पॉलिनेशियन लोकांचीच निर्मिती आहे.

भाराचा प्रश्न

एकधडी जहाजाच्या तळाशी पाणी साठविले तर ते काही प्रमाणात नीरमाचे, म्हणजे जहाज स्थिर ठेवणाऱ्या तळभाराचे काम करते. तेथे पाण्याचे वजन सर्वस्वी वाया जात नाही. जुळ्या नौकेचे स्थैर्य मात्र तळातील भारातून नव्हे, तर दोन होड्यांमधील अंतरातून येते. कोकणातील उलांडीची होडी ज्या तत्त्वावर तोल सांभाळते, तेच तत्त्व येथे विस्तारलेले दिसते. साहजिकच जुळ्या नौकेवर भरलेले पाणी स्थैर्यात फारशी भर घालीत नाही आणि वेग मात्र निश्चित कमी करते. होड्या निमुळत्या असल्यामुळे थोड्या वजनानेही त्या लक्षात येण्याइतक्या खाली बसतात.

हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट करता येईल. सुमारे १२ मीटर लांबीच्या कॅटामरानच्या दोन्ही होड्यांचे पाण्याच्या पातळीवरील क्षेत्रफळ १९ ते २० चौरस मीटर धरले, तर दर २०० किलो वजनामागे नौका सुमारे एक सेंटिमीटर खाली जाते. चार माणसांना वीस दिवस, दर माणशी रोज दहा लिटर पाणी द्यावयाचे म्हटल्यास ८०० लिटर, म्हणजे ८०० किलो पाणी लागते आणि नौका चार सेंटिमीटर खाली बसते. हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु त्यात इंधन, शिधा, नांगर व साखळी यांची भर पडली की दोन होड्यांना जोडणाऱ्या मंचाखालची मोकळी जागा घटते आणि लाटा त्याच्या तळावर आदळू लागतात. पाणी केवळ पिण्या-रांधण्यापुरते, दर माणशी रोज तीन लिटर धरले तर तीच गरज २४० लिटरांवर येते. म्हणजे नौकेची टाकी किती मोठी असावी हा प्रश्न मुळात माणसांच्या सवयींचा प्रश्न आहे.

पॉलिनेशियन व्यवस्था

पाण्याचा हा हिशेब एका गाजलेल्या इतिहासविषयक वादाच्या मुळाशीही आहे. न्यूझीलंडचे अभ्यासक अँड्र्यू शार्प यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, पॉलिनेशियन लोक सुमारे ३०० मैलांपलीकडचा हेतुपूर्वक जाण्यायेण्याचा प्रवास करू शकत नव्हते. दूरची बेटे वाहत गेलेल्या होड्यांतून वसली असावीत. त्यांचा मुख्य रोख दिशाज्ञानावर होता. मात्र दिशा ठाऊक असली तरी पाणी पुरले नाही तर प्रवास संपतो, त्यामुळे या वादाचे उत्तर दोन्ही अंगांनी शोधावे लागते. हवाई, रापा नुई आणि न्यूझीलंड यांसारख्या दूरच्या भूमी वसविणाऱ्या लोकांजवळ ना मातीची घागर होती ना धातूचे भांडे. पश्चिमेकडील त्यांच्या पूर्वजांना मृद्भांडी ठाऊक होती, परंतु पूर्व पॉलिनेशियात त्यांचा वापर जवळजवळ लोप पावला होता.

त्यांच्याजवळ होते ते वाळविलेले भोपळे, बांबूचे नळे, नारळाच्या करवंट्या आणि शहाळी. महाराष्ट्रातील वाचकाला भोपळ्याचा तुंबा नवा नाही. बैराग्याच्या हातातील तो तुंबा महासागरावर जलपात्र म्हणून गेला होता, एवढेच. या पात्रांकडे 'आदिम' म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. शहाळ्याचाच विचार करावा. त्यातील पाण्याच्या मानाने त्याचे वजन पुष्कळ असते, हे खरे. परंतु ते निसर्गतःच बंद असल्याने पाणी नासत नाही, खारे पाणी आत शिरत नाही, फुटले तर एकच फुटते आणि पाणी प्याल्यानंतर खोबरे उरते. भोपळे व बांबू यांच्यामुळेही साठा अनेक लहान पात्रांत विभागला जाई. ही पात्रे दोन्ही होड्यांत हवी तशी मांडता येत, आणि रिकामी झाली की उरलेली हलवून तोल पुन्हा साधता येई. एकाच मोठ्या टाकीच्या मालकाला ही सोय नसते.

या व्यवस्थेचा दुसरा आधार पावसाचा होता. विषुववृत्ताजवळच्या वाऱ्याविना पडणाऱ्या पट्ट्यात नावाड्याचे हाल होतात; पण मुसळधार पाऊस मिळतो तोही तेथेच. त्यामुळे हवाईहून ताहितीकडे जाणाऱ्या नौकेला सबंध प्रवासाचे पाणी प्रारंभी भरण्याची आवश्यकता राहत नाही. तो पट्टा गाठेपर्यंतचे पाणी आणि पाऊस लांबल्यास हाताशी राहील एवढी शिल्लक, असा हिशेब धरता येतो.

प्रयोगांची साक्ष

या संदर्भात १९४७ मधील थोर हायरडाल यांच्या कॉन-टिकीचा प्रवास उद्बोधक आहे. पॉलिनेशिया दक्षिण अमेरिकेतून वसला हा त्यांचा सिद्धान्त आज मान्य नाही. त्यांची जलव्यवस्था मात्र अभ्यासनीय आहे. बाल्सा वृक्षाचे नऊ मोठे ओंडके दोरांनी बांधून तयार केलेली कॉन-टिकी ही शब्दशः 'कट्टुमरम'च होती. तिच्यावर ५६ डब्यांत १,०४० लिटर पाणी होते. शिवाय बांबूंत भरलेले पाणी आणि सुमारे २०० नारळ होते. सहा माणसे व १०१ दिवस अशी वाटणी केली असता दर माणशी रोज सुमारे १.७ लिटर पाणी येते. साठविलेले पाणी सुमारे दोन महिन्यांनंतर बेचव होऊ लागते. परंतु तोवर तराफा अल्प पावसाचा प्रदेश ओलांडून सरींच्या प्रदेशात पोचलेला असतो, असे हायरडाल यांनी नमूद केले आहे. पाण्याचे आयुष्य आणि पावसाचे स्थान यांची ही सांगड नियोजनाच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

शार्प यांच्या मताला प्रत्यक्ष उत्तर मिळाले ते होकुलेआ या जुळ्या नौकेच्या प्रवासाने. मानववंशशास्त्रज्ञ बेन फिनी, चित्रकार हर्ब काने आणि टॉमी होम्स यांनी १९७३ मध्ये स्थापन केलेल्या पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटीने ही सुमारे १९ मीटर लांबीची नौका बांधली व १९७५ मध्ये ती पाण्यात सोडली. १ मे १९७६ रोजी माउई बेटावरून निघून ती ४ जून रोजी ताहितीतील पापीते येथे पोचली. सतावल बेटाचे माउ पिआइलुग यांनी कोणत्याही उपकरणाशिवाय तिचे मार्गदर्शन केले. नौकेवर माणसांखेरीज कुत्रा, डुक्कर आणि कोंबड्याही होत्या. १५ माणसे, ३४ दिवस आणि रोज दोन लिटर धरले तर केवळ माणसांसाठीच १,०२० लिटर, म्हणजे एक टनाहून अधिक पाणी लागते. जनावरांचा वाटा त्याशिवाय. सोबत एक आधुनिक नौका होती, ही मर्यादा नोंदविली पाहिजे. तरीही जुळ्या नौकेला हा भार पेलतो आणि ती वेगही राखते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

युरोपीय जहाजे : पिंप, टाकी आणि भट्टी

युरोपीय परंपरा याउलट एकेका मोठ्या पात्रावर उभी होती. लाकडी पिंपांत पाणी शेवाळे, त्याला दुर्गंधी येई. मॅगेलनच्या जहाजांनी १५२०–२१ मध्ये पॅसिफिक ओलांडला तेव्हा खलाशांना पिवळे पडलेले सडके पाणी प्यावे लागल्याचे पिगाफेट्टाने लिहून ठेवले आहे. त्यातच रिकाम्या झालेल्या पिंपांत भार कायम राखण्यासाठी समुद्राचे पाणी भरण्याचा प्रघात होता, त्यामुळे ती पुढच्या खेपेलाही खराबच राहत. इंग्रज आरमारात रोज गॅलनभर बिअर देण्याची पद्धत होती, तिचे एक कारण हेच. हिंदी महासागरातील देशी जहाजांवर पिंपांऐवजी मोठ्या चौकोनी लाकडी टाक्यांत पाणी भरीत असल्याचे सतराव्या शतकातील युरोपीय प्रवाशांच्या लेखनातून दिसते. ब्रिटिश आरमारात लोखंडी टाक्या रूढ होण्यास १८१५ चा सुमार उजाडला.

समुद्राचे पाणी उकळून त्याची वाफ थंड करण्याचे प्रयत्नही जुनेच. चार्ल्स आयर्विंग यांच्या ऊर्ध्वपातन यंत्रासाठी ब्रिटिश संसदेने १७७२ मध्ये ५,००० पौंडांचे पारितोषिक दिले आणि ते यंत्र कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर नेण्यात आले. परंतु त्यासाठी जळण लागते आणि जळणालाही वजन असते. कुकने जानेवारी १७७३ मध्ये दक्षिणेकडील समुद्रात तरंगते बर्फ गोळा करून अवघ्या काही तासांत १५ टन गोडे पाणी मिळविले, हे त्या यंत्राच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे.

आधुनिक कॅटामरान

विसाव्या शतकात जुळी नौका पुन्हा महासागरात उतरली. एरिक द बिशप यांनी हवाईत बांधलेली कायमिलोआ १९३७ मध्ये निघून १९३८ मध्ये फ्रान्सला पोचली. इंग्लंडचे जेम्स व्हॅरम १९५५ मध्ये अवघ्या सात मीटरांच्या तांगारोआतून निघाले व अटलांटिक ओलांडून ट्रिनिडादला गेले. डेव्हिड लुईस यांनी १९६४ ते १९६७ या काळात रेहू मोआना या कॅटामरानमधून पृथ्वीप्रदक्षिणा केली. या पिढीच्या नौका हलक्या होत्या आणि मोजून पाणी वापरणे गृहीतच होते.

हे गृहीत बदलले ते व्युत्क्रम परासरणाने, म्हणजे आरओ तंत्राने. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोएब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे उपयुक्त पटल तयार केले. समुद्राच्या पाण्याचा परासरणदाब वातावरणदाबाच्या सुमारे २७ पट असतो; त्यावर मात करण्यासाठी यंत्रात साधारणपणे त्याच्या दुप्पट दाब द्यावा लागतो. पुढे लहान यंत्रे निघाली आणि कॅटामरानला ती विशेष मानवली, कारण साठा कमी करून वजन वाचविता येऊ लागले. प्रत्यक्षात वाचलेल्या वजनाच्या जागी स्नानगृहे, कपडे धुण्याची यंत्रे, वाढीव बॅटऱ्या आणि सौरपट्ट्या आल्या. रोज तीन लिटरांत भागविणारा नावाडी तीसही वापरू लागला. टंचाई हटली असे म्हणण्यापेक्षा ती टाकीतून विजेकडे, पंपाकडे आणि पटलाकडे सरकली असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. पटलाला क्लोरीन सोसत नाही, तेलकट बंदरात ते यंत्र चालविता येत नाही आणि ते बंद ठेवावयाचे तर गोड्या पाण्याने धुवावे लागते. पाणी निर्माण करणाऱ्या यंत्राला पाणीच द्यावे लागते.

म्हणूनच लांबच्या प्रवासासाठी जाणत्यांनी आखलेल्या व्यवस्थेत जुन्या गोष्टी जशाच्या तशा आढळतात. दोन्ही होड्यांत मध्याजवळ व तळाशी एकेक टाकी असते. दोहोंना स्वतंत्र झडपा असतात, म्हणजे एकीतील पाणी दूषित झाले किंवा नळी फुटली तरी दुसरी वाचते. पाणी आळीपाळीने दोन्हीकडून काढले जाते, अन्यथा नौका एका अंगाला कलते. नव्याने केलेले पाणी एकाच टाकीत सोडून, चव पाहून मगच दुसरीत घेतात. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी गोड्या पाण्याने विसळतात. शिडाखाली किंवा छतावर पन्हळ लावून पाऊस धरतात. पहिल्या सरीत शिडावरचे मीठ उतरते, म्हणून ती वाहू देतात. आणि यंत्र, टाक्या, विजेचा पंप या सर्वांपासून वेगळे, बंद डब्यांत भरून दोरीने बांधलेले काही दिवसांचे पिण्याचे पाणी असते, ज्याला नेहमीच्या वापरात कोणी हात लावीत नाही. त्या डब्यांच्या जागी एके काळी शहाळी होती.