आयझॉलवर आलेली विमानं

हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, हे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं आहे. १९६२च्या चीन युद्धात यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, त्याची ती गोष्ट. त्याच मंत्रिपदाच्या काळातली आणखी एक तारीख मात्र आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. ५ मार्च १९६६. त्या दिवशी भारतीय हवाई दलाच्या लढाऊ विमानांनी आयझॉलवर हल्ला केला. आज मिझोरामची राजधानी असलेलं आयझॉल तेव्हा आसाम राज्यातल्या मिझो हिल्स जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं. म्हणजे आपल्याच देशातलं शहर.

हे तिथवर कसं पोचलं, ते थोडक्यात सांगतो. त्या डोंगरांत बांबूची एक जात आहे, ती साधारण ४८ वर्षांनी एकदाच फुलते. बांबू फुलला की त्याच्या बिया खाऊन उंदीर अफाट वाढतात, आणि बिया संपल्या की तेच उंदीर शेतात उतरतात. मिझो लोक याला माउताम म्हणतात. १९५९च्या सुमाराला हा फुलोरा आला, पाठोपाठ दुष्काळ आला, आणि सरकारी मदत तोकडी पडली. दुष्काळात लोकांपर्यंत धान्य पोचवायला लालडेंगा यांनी एक संघटना उभी केली. १९६१ मध्ये तिचाच मिझो नॅशनल फ्रंट हा राजकीय पक्ष झाला, आणि २८ फेब्रुवारी १९६६च्या रात्री त्याच फ्रंटने बंड पुकारलं. आयझॉल, लुंगलेई, चंफाय इथल्या आसाम रायफल्सच्या ठाण्यांवर हल्ले झाले, आयझॉलचा सरकारी खजिना लुटला गेला, आणि १ मार्चला स्वातंत्र्य जाहीर झालं.

दिल्लीच्या बाजूनेही जरा पाहू या. आयझॉलच्या ठाण्यात जवान वेढ्यात अडकलेले. सिल्चरहून येणारा डोंगरी रस्ता अडवलेला. हेलिकॉप्टरने माणसं आणि दारूगोळा उतरवायचा प्रयत्न झाला, पण खालून गोळीबार सुरू असल्याने उतरता येईना. पलीकडे पूर्व पाकिस्तान, आणि त्याच्याशी युद्ध होऊन सहा महिनेही झालेले नव्हते. शास्त्रीजी जानेवारीत वारले होते, इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. त्या खोलीत बसलेल्या माणसांना वेढ्यातले जवान दिसत होते, आणि ते काही खोटं संकट नव्हतं.

मग तूफानी आणि हंटर विमानं आली. आधी मशीनगन, मग आगलावे बॉम्ब. दावरपुई, तुइकुआल, रिपब्लिक वेंग या वस्त्यांतली घरं जळाली. लाकूड आणि बांबूची घरं ती, किती वेळ टिकणार? लोक पोरंबाळं घेऊन जंगलात पळाले. हल्ले दुसऱ्या दिवशीही झाले. काही दिवसांतच लष्कराची तुकडी रस्त्याने आयझॉलला पोचली आणि वेढा उठला. लुंगलेई फ्रंटच्या ताब्यात गेलं होतं. तिथेही बॉम्ब टाकू असा इशारा गेला, तेव्हा चर्चच्या वडीलधाऱ्यांनी बंडखोरांना गाव सोडायची विनंती केली, आणि ते निघून गेले. युद्धशास्त्राच्या हिशेबाने पाहिलं तर विमानांनी काम चोख केलं.

आता हे तंत्र आलं कुठून, ते पाहायला फार लांब जायला नको. आपण राहतो त्या ब्रिटनमध्येच ते घडलं. हेंडनचं हवाई दलाचं संग्रहालय मुलांना घेऊन पाहिलेले तुमच्यापैकी बरेच असतील. पहिल्या महायुद्धानंतर या हवाई दलाचं स्वतंत्र अस्तित्वच धोक्यात होतं, पैसे वाचवायला ते मोडीत काढा म्हणणारे कमी नव्हते. १९२०च्या सुरुवातीला सोमालीलँडमध्ये अवघ्या १२ विमानांच्या मदतीने एक जुनं बंड काही आठवड्यांत मोडलं. त्याच वर्षी इराक पेटला. तो शांत करायला प्रचंड फौज लागली, त्यात भारतातून नेलेले शिपाई भरपूर, आणि खर्च डोळे पांढरे करणारा. १९२१च्या कैरो परिषदेत चर्चिल यांनी तोडगा उचलून धरला: इराक सैन्याऐवजी विमानांनी सांभाळायचा. ऑक्टोबर १९२२ पासून तसं झालंही. कर न देणाऱ्या टोळ्यांच्या वस्त्यांवरसुद्धा बॉम्ब पडले. खर्च खरोखरच उतरला. मी सल्लागाराचा धंदा करतो, त्यामुळे असलं प्रेझेंटेशन माझ्या ओळखीचं आहे. पहिल्या स्लाइडवर वाचणारे पैसे, आणि खाली राहणाऱ्या माणसाचा कॉलमच नाही.

भारतीयांना याचा अनुभव नव्हता असंही नाही. एप्रिल १९१९ मध्ये, जालियनवाला बागेच्या दुसऱ्याच दिवशी, पंजाबात गुजराँवाला इथे ब्रिटिश विमानाने बॉम्ब टाकले होते, त्यावर आपल्या पुढाऱ्यांनी रान उठवलं होतं. म्हणून १९६६ मधलं सरकारचं वागणं मला जास्त टोचतं. त्या आठवड्यात पंतप्रधानांचं म्हणणं वर्तमानपत्रांत आलं, ते असं की विमानं माणसं आणि सामान टाकण्यासाठी गेली होती. आसाम विधानसभेतले दोन डोंगरी आमदार, स्टॅन्ली निकोल्स रॉय आणि हूवर हिन्निएवता, स्वतः मिझो हिल्समध्ये गेले, लोकांना भेटले, आणि त्यांनी बॉम्बहल्ल्याचा प्रश्न विधानसभेत मांडला. जळालेल्या घरात राहणाऱ्याला सांगायचं की वरून सामानच पडलं होतं, हे त्याच्या जखमेपेक्षा कमी दुखलं असेल असं मला वाटत नाही.

वेढा दोन दिवसांत सैल झाला, बंड चाललं २० वर्षं. शहरातून हटलेले बंडखोर जंगलात गेले, सीमेपलीकडे गेले. विमानाला वरून झाड दिसतं, झाडाखालचा माणूस कोणाच्या बाजूचा ते दिसत नाही. मग १९६७ मध्ये गावंच उचलायला सुरुवात झाली. पहिल्या टप्प्यात शंभराहून जास्त गावांतली माणसं रस्त्याकडेच्या १८ केंद्रांत आणून बसवली, म्हणजे बंडखोरांना भात देणारं कुणी उरणार नाही. मलायात ब्रिटिशांनी हेच केलं होतं. यशवंतराव तेव्हा गृहमंत्री झालेले होते. यशवंतरावांविषयी मला आदर आहे, आणि तो हे सांगूनही तसाच राहतो. पण त्यांच्यावरच्या भाषणांत ही पानं कुणी उलटत नाही, हे बरोबर नाही.

शेवटी करार झाला तो ३० जून १९८६ रोजी, दिल्लीत, टेबलावर. एका बाजूला लालडेंगा यांची सही. दुसऱ्या बाजूला केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांची. हे प्रधान महाराष्ट्र केडरचे आणि संरक्षण मंत्रालयात यशवंतरावांचे खाजगी सचिव राहिलेले. त्यांच्या निवृत्तीचाच तो दिवस होता. पुढच्या फेब्रुवारीत मिझोराम राज्य झालं आणि लालडेंगा त्याचे मुख्यमंत्री.

यानंतरचं एक नाव सांगून थांबतो. ६ एप्रिल २०१० रोजी छत्तीसगडमध्ये दंतेवाड्याजवळ माओवाद्यांनी ७६ जवान मारले. देश संतापला होता, वरून बॉम्ब का टाकत नाही असं टीव्हीवर रोज विचारलं जात होतं. हवाई दलप्रमुख होते प्रदीप वसंत नाईक. ते उघडपणे म्हणाले की नक्षल प्रश्नासारख्या ठिकाणी हवाई दल वापरण्याच्या मी बाजूचा नाही, आमची शस्त्रं सीमेपलीकडच्या शत्रूसाठी आहेत, बेताने मारण्याचं शिक्षण आम्हाला नसतं. हवाई दलाची हेलिकॉप्टरं त्या जंगलात जात राहिली, जवान पोचवायला, जखमींना आणायला. गडचिरोलीतही गावकऱ्यांना हेलिकॉप्टर दिसतं ते निवडणुकीची माणसं उतरवताना, नाहीतर जखमी पोलिसाला नागपूरला नेताना.