पूर्वेकडे नेलेला मुलगा : कॉनराड रिक्टर यांची सीमाभूमी

अमेरिकेच्या सीमाभूमीवरील साहसकथांत तरुण नायकाच्या प्रवासाची दिशा बहुधा ठरलेली असते. तो पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो. मागे शहर, शाळा, चर्च, आईचे घर. पुढे मोकळे मैदान, घोडा, बंदूक आणि अनोळखी माणसे. या प्रवासात मुलाचा पुरुष होतो, आणि राष्ट्रही त्याच्याबरोबर वयात येते. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने १८९३ साली शिकागो येथे वाचलेल्या निबंधात अमेरिकन स्वभाव सीमाभूमीने घडवला असे प्रतिपादन केले. ओवेन विस्टर यांची १९०२ सालची 'द व्हर्जिनियन' ही कादंबरी वायोमिंगमधील गुराख्याला नायकपद देऊन त्याच समजुतीला कथारूप देते. पुढच्या शेकडो कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी हीच वाट मळवली.

कॉनराड रिक्टर (१८९०-१९६८) यांच्या 'द लाइट इन द फॉरेस्ट' (१९५३) या छोट्याशा कादंबरीत ही दिशा उलटी होते. तिच्यातला पंधरा वर्षांचा मुलगा पश्चिमेकडून पूर्वेकडे नेला जातो, तोही बांधून. मराठी वाचकाला ही कादंबरी 'रानातील प्रकाश' या नावाने जी. ए. कुलकर्णी यांच्या अनुवादातून परिचित आहे. रिक्टर यांची 'रान', 'शिवार', 'गाव' ही त्रयीही जी. एं.नी मराठीत आणली. आपल्याकडे या अनुवादांची चर्चा प्रामुख्याने जी. एं.च्या भाषेच्या आणि नियतिविचाराच्या अंगाने होते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु 'रानातील प्रकाश'च्या पाठीमागे एक नेमका, तारीखवार सांगता येणारा इतिहास उभा आहे. तो डोळ्यांसमोर असला की कादंबरीचे बळ कळते आणि तिची मर्यादाही कळते.

प्रथम तो इतिहास. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यातील सात वर्षांचे युद्ध १७६३ साली संपले आणि ओहायो नदीच्या खोऱ्यावर इंग्रजांनी हक्क सांगितला. तेथे राहणाऱ्या लेनी लेनापे (ज्यांना इंग्रज डेलावेअर म्हणत), शॉनी, मिंगो आदी जमातींना या तहात कोणी विचारले नव्हते. त्याच वर्षी पाँटियॅकच्या नावाने ओळखले जाणारे युद्ध पेटले. ऑक्टोबर १७६३ मध्ये इंग्लंडच्या राजाने ॲपालॅचियन पर्वतरांगेच्या पश्चिमेस वसाहत करण्यास मनाई करणारा जाहीरनामा काढला. वसाहतवाल्यांनी तो मनावर घेतला नाही. पुढच्या वर्षी, १७६४ च्या शरद ऋतूत, कर्नल हेन्री बुके हा मूळचा स्विस सेनाधिकारी सुमारे दीड हजारांची फौज घेऊन फोर्ट पिटहून निघाला आणि मस्किंगम नदीपर्यंत पोहोचला. लढाई झाली नाही. तहाची त्याची मुख्य अट एकच होती : तुमच्यात असलेले सगळे गोरे बंदिवान, पुरुष, बायका, मुले, आमच्या स्वाधीन करा. दोनशेहून अधिक माणसे परत करण्यात आली.

अधिकृत इतिहासात ही घटना 'मुक्तता' म्हणून नोंदली गेली. पण तिचे जे समकालीन वर्णन १७६५ साली फिलाडेल्फियात छापले गेले (ते तेथील कॉलेजचे प्रमुख विल्यम स्मिथ यांनी लिहिले असे मानले जाते), त्यात काही अडचणीचे तपशील आहेत. बंदिवानांना आणून देताना इंडियन रडत होते, हा त्यांपैकी एक. परत मिळालेल्यांपैकी काहींना बांधून ठेवावे लागले, हा दुसरा. काही बायका परत आणल्यानंतर पळून पुन्हा इंडियन वस्तीत गेल्या, हा तिसरा. आणि एक मिंगो तरुण, व्हर्जिनियातील ज्या स्त्रीला तो आपली बायको म्हणत असे तिच्यासाठी रोज शिकार करून आणत, जिवाचा धोका पत्करून फौजेबरोबर फोर्ट पिटपर्यंत चालत आला, हा चौथा. लेखकाची सहानुभूती उघडपणे इंग्रजांकडे आहे. म्हणूनच या कबुलीला पुराव्याचे मोल आहे.

ही घटना अपवादात्मक नव्हती. बुकेच्या स्वारीच्या अकरा वर्षे आधी, १७५३ सालच्या एका पत्रात बेंजामिन फ्रँकलिन यांनी हेच कोडे मांडले होते. लहानपणी पकडली गेलेली गोरी मुले, खंडणी भरून सोडवून आणली आणि कितीही मायेने वागवली तरी, संधी मिळताच रानात परत जातात, असे त्यांचे निरीक्षण होते. मेरी जेमिसन ही १७५८ साली पकडली गेलेली मुलगी जन्मभर सेनेका जमातीत राहिली. तिचे आत्मकथन १८२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १७७८ साली पकडली गेलेली फ्रान्सिस स्लोकम १८३७ मध्ये तिच्या भावंडांना इंडियानात सापडली. तिने परत येण्यास नकार दिला.

याचे कारण बंदिवानांच्या मनाच्या विकृतीत शोधण्याची गरज नाही. ते या जमातींच्या दत्तकपद्धतीत होते. युद्धात वा रोगराईत माणूस गेला की त्याची जागा रिकामी राहू नये म्हणून बंदिवानाला विधिपूर्वक त्या जागी घेतले जाई. नदीत न्हाऊ घालून त्याचे जुने रक्त धुऊन टाकले असे मानले जाई, आणि त्यानंतर तो कोणाचा तरी मुलगा, भाऊ, पुतण्या असे. ते नाते पूर्ण हक्कांचे असे. रिक्टर यांच्या नायकाचे नाव ट्रू सन, म्हणजे 'खरा मुलगा', आहे ते याच अर्थाने. चौथ्या वर्षी तो पकडला गेला. कायलोगाने त्याला मेलेल्या मुलाच्या जागी घेतले. अकरा वर्षांनी बुकेचा हुकूम येतो आणि कायलोगा स्वतः त्याला फौजेच्या तळावर आणून सोडतो. आपण कोण, याविषयी त्या मुलाच्या मनात तोवर तिळमात्र संशय नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे एका प्रकाराची आठवण ठेवावी. १६८२ साली प्रसिद्ध झालेल्या मेरी रोलँडसन यांच्या कथनापासून 'बंदिवासाची कथा' हा अमेरिकन वाङ्मयातील अत्यंत लोकप्रिय प्रकार रूढ झाला. पकडले जाणे, हालअपेष्टा, ईश्वरी कृपेने सुटका आणि घरी परतणे असा त्याचा साचा. घरी परतल्यावर कथा संपते, कारण पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही असे गृहीत असते. रिक्टर यांची कादंबरी नेमकी त्या ठिकाणी सुरू होते. आपल्याला परत आणलेल्या बंदिवानांच्या पळून जाण्याने चकित केले, आणि लहानपणी आपणही इंडियन मुलखात पळून जाऊ पाहिले होते, असे त्यांनी पुस्तकाच्या आरंभी नोंदवले आहे. जुन्या कथांनी जो शेवट मानला त्याचा त्यांनी आरंभ केला, आणि 'सुटका' हाच बंदिवास ठरला.

हा बंदिवास रिक्टर साध्या वस्तूंतून दाखवतात. कपडे, बूट, पलंग, बंद खोली, चर्चमधला रविवार. पेनसिल्व्हेनियातील पॅक्स्टन या गावी जन्मदाते आईवडील आहेत. आई मुलाच्या विरहाने अंथरुणाला खिळली आहे. गॉर्डी हा धाकटा भाऊ आहे आणि तोच एकटा त्याला जसा आहे तसा स्वीकारतो. या घरात दुष्ट कोणी नाही. तरीही मुलाला आपली भाषा बोलायला मिळते ती टोपल्या विणणाऱ्या एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीय गुलामापाशी, कारण त्या वस्तीत थोडेफार लेनापे त्यालाच येते. सुटका झालेला मुलगा आणि जन्माचा गुलाम यांनी एकमेकांना ओळखावे, हा योग रिक्टर यांनी फारसे भाष्य न करता घडवला आहे.

पॅक्स्टन हे नावही सहज आलेले नाही. डिसेंबर १७६३ मध्ये याच परिसरातील गोऱ्यांच्या टोळीने, 'पॅक्स्टन बॉइज'नी, कॉनेस्टोगा येथील सहा इंडियनांना ठार मारले. हे लोक शांततेने, वसाहतीच्या आश्रयाने राहणारे होते. उरलेल्या चौदा जणांना संरक्षणासाठी लँकेस्टरच्या कोठडीवजा इमारतीत ठेवले होते. दोन आठवड्यांच्या आत टोळीने तेथे शिरून त्यांनाही, मुलाबाळांसह, मारले. फ्रँकलिन यांनी या हत्याकांडाचा निषेध करणारी पुस्तिका १७६४ च्या आरंभी छापली. खटला कोणावरही चालला नाही. कादंबरीतील मुलाचा काका विल्स हा या टोळीतला आहे. म्हणजे ज्यांच्या घरी त्याला 'सभ्य' करण्यासाठी आणले, त्यांच्या हाताला वर्षापूर्वीचे रक्त आहे, आणि मुलाला ते ठाऊक आहे.

पुढे विल्सच्या माणसांकडून लिटल क्रेन हा इंडियन तरुण मारला जातो. हा लिटल क्रेन फौजेच्या परतीच्या वाटेवर आपल्या गोऱ्या बायकोमागून चालत आलेला होता. १७६५ च्या वृत्तान्तातील तो मिंगो तरुण येथे सहज ओळखू येतो. ट्रू सन आणि त्याचा चुलतभाऊ हाफ ॲरो पश्चिमेकडे पळून जातात. दोन मुलांचा हा जलप्रवास म्हणजे साहसकथेतला खरा आनंदाचा भाग आहे. पण घरी पोहोचल्यावर सूडाची स्वारी निघते, आणि आणलेल्या टाळूच्या कातड्यांत एक लहान मुलीची असते. ओहायो नदीवरील गोऱ्यांची नाव फसवून काठाशी आणण्यासाठी ट्रू सनला आमिष म्हणून पाण्यात उभे केले जाते. नावेतला लहान मुलगा त्याला गॉर्डीसारखा वाटतो, आणि तो ओरडून सावध करतो. जमात त्याला जाळायला निघते. कायलोगा त्याला वाचवतो, गोऱ्यांच्या रस्त्यापर्यंत पोहोचवतो, आणि आता तू माझा मुलगा नाहीस असे सांगून परत फिरतो. दोन बाप असलेला मुलगा बापाविना रस्त्यावर उभा राहतो.

शेवट थोर आहे यात शंका नाही. १९५८ साली डिस्नेने या कादंबरीवर चित्रपट काढला, तेव्हा त्यांना तो सोसवला नाही. त्यांनी मुलाला एक गोरी मुलगी देऊन वसाहतीत जागा करून दिली. तरीही इतिहासाच्या बाजूने एक प्रश्न विचारायलाच हवा. रिक्टर यांनी तराजू फार काळजीपूर्वक समतोल ठेवला आहे. इकडे लँकेस्टरची मुले, तिकडे टाळूचे लहान कातडे. इकडे विल्स, तिकडे सूडाला निघालेले योद्धे. क्रौर्य दोन्हीकडे होते हे खरेच. पण या समतोलामुळे वाचकाला असे वाटून जाते की दोन संस्कृती समोरासमोर तोडीस तोड उभ्या होत्या आणि त्यांच्यात एक मुलगा चिरडला गेला. प्रत्यक्षात काय झाले? १७८२ च्या मार्चमध्ये, बुकेच्या तळापासून फार दूर नसलेल्या ग्नाडेनहुटन येथे, पेनसिल्व्हेनियाच्या शिबंदीने ख्रिस्ती झालेल्या ९६ निःशस्त्र लेनापे स्त्रीपुरुष-मुलांना मारले. १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहाने ओहायोचा मोठा भाग गेला. १८०३ मध्ये ओहायो राज्य झाले. लेनापे इंडियाना, मिसूरी, कॅन्सस असे ढकलले जात शेवटी ओक्लाहोमात पोहोचले. क्रौर्याची बेरीज दोन्ही बाजूंना मांडता येईल, पण जमिनीचा हिशेब एकाच बाजूला जमा होतो. ट्रू सनला घर उरत नाही ही शोकांतिका आहे. कायलोगालाही थोड्याच वर्षांत घर उरणार नव्हते, याची चाहूल मात्र कादंबरीत पुरेशी लागत नाही.

म्हणून 'रानातील प्रकाश' आणि 'रान' ही पुस्तके एकत्र वाचावीत. 'रान'मधील लकेट कुटुंब अठराव्या शतकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियाहून ओहायोच्या अरण्यात येते. ते अरण्य अफाट, काळोखे आणि बहुतांशी निर्मनुष्य आहे. ते निर्मनुष्य कसे झाले, हे त्रयी ठळकपणे सांगत नाही. तिचे उत्तर या दुसऱ्या पुस्तकात आहे. त्रयीतही ते एका ठिकाणी डोके वर काढते : रानात हरवलेली धाकटी सुली पुढे इंडियन नवऱ्याच्या घरी सापडते आणि आपल्या सख्ख्या बहिणींना ओळख देत नाही. फ्रान्सिस स्लोकमची छाया तिच्यावर स्पष्ट आहे.

मराठीत या वाचनाला एक जादा अर्थ मिळतो. इंग्रजी शीर्षकांत एकीकडे झाडे आहेत, एकीकडे अरण्य, जी. एं.नी दोन्हींसाठी 'रान' हा एकच शब्द घेतला. आपल्या खेडोपाडी रान म्हणजे जंगल, आणि रान म्हणजे नांगरलेले शेतही. माणूस सकाळी 'रानात' जातो तो पेरायला. एका अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे जाताना आपल्या बोलीला काहीच करावे लागत नाही. ओहायोत मात्र त्या दोन अर्थांच्या मध्ये बुकेची फौज, पॅक्स्टनची टोळी, ग्नाडेनहुटन आणि ग्रीनव्हिल आहे. वर्गात 'रान' नंतर 'शिवार' शिकवताना, किंवा वाचताना, या दोन पुस्तकांच्या मध्ये 'रानातील प्रकाश' ठेवावे असे सुचवावेसे वाटते.