हीटर घेतला, रेडिओ नाही

1955 साली शेवरलेची मधल्या दर्जाची ‘टू-टेन’ घ्यायला डेट्रॉइटमधल्या एखाद्या शोरूममध्ये गेलं, तर जाहिरातीत छापलेली किंमत नुसत्या गाडीची असायची. त्यात हीटर येत नसे. मिशिगनचा हिवाळा म्हणजे डिसेंबर ते मार्च बर्फ, श्वासाच्या वाफेनं काच आतून गोठते, आणि तरी हीटर जादा पैसे मोजून बसवून घ्यायचा. त्यातही दोन प्रकार होते. एक आतलीच हवा फिरवून गरम करणारा, स्वस्तातला. दुसरा बाहेरची ताजी हवा ओढून घेणारा. रेडिओ वेगळा, घड्याळ वेगळं, दाराबाहेरचा आरसा वेगळा, गाडी मागे घेताना लागणारे दिवे वेगळे. पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअर 178 डॉलरला, एअर कंडिशनर 565 डॉलरला, आणि मूळ गाडी दोन हजारांच्या अलीकडेपलीकडे. सर्वांत स्वस्त ‘वन-फिफ्टी’ घेतली तर सन-व्हायझरसुद्धा एकच मिळे, चालवणाऱ्यापुरता. शेजारी बसणारीनं हात कपाळावर धरायचा.

आमच्या गावच्या वाचनालयात स्थानिक इतिहासाची एक खोली आहे, तिथे मी काम करते. आईवडिलांचं घर आवरताना सापडलेली खोकी लोक आमच्याकडे घेऊन येतात, आणि हा डेट्रॉइटचा परिसर असल्यामुळे त्यात गाड्यांचे कागद हमखास असतात. फोटो सगळे दाखवतात: क्रोमचा लखलखाट, मागचे उंच पंख, बॉनेटवर बसवलेली पोरं. ते पंख मलाही आवडतात. पण पंख कंपनीनं काढलेले असतात, ते सगळ्यांना सारखे. घरानं स्वतः काय ठरवलं ते कळतं बिलावरून. त्या बिलावर एकेका ऑप्शनसमोर आकडा असतो, आणि त्या प्रत्येक आकड्यामागे रात्री जेवणाच्या टेबलाशी झालेला एक वाद असतो. म्हणून मी आधी बिल मागते.

ही पद्धत काही आपोआप वाढली नाही. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी 1920 च्या दशकातच गाड्यांची उतरंड लावून ठेवली होती: शेवरले, पाँटिअ‍ॅक, ओल्डस्मोबील, ब्यूइक, कॅडिलॅक. पगार वाढला की माणसानं एक पायरी चढायची, आणि कंपनी मात्र तीच राहायची. दुसऱ्या महायुद्धानंतर या पायऱ्यांच्या अधेमधेही उभं राहायची सोय झाली, ती ऑप्शनमुळे. ब्यूइक परवडत नाही, पण शेवरलेला दोन रंग, पांढऱ्या कडेचे टायर आणि पुश-बटनाचा रेडिओ घेता येतो. 1950 मध्ये मोटार कामगारांच्या युनियननं जनरल मोटर्सशी पाच वर्षांचा करार केला. महागाईप्रमाणे पगार आणि निवृत्तिवेतन पदरात पडलं. ओतशाळेत घाम गाळणारा माणूस त्यामुळे आपणच बनवलेल्या गाडीचा गिऱ्हाईक झाला, आणि यादीत कुठे खूण करायची हे ठरवायला बायकोबरोबर बसू लागला.

जे घेतलं नाही तेही गाडीत दिसत राही, हे मला या सगळ्यात फार बोचतं. डॅशबोर्डचा पत्रा सगळ्यांसाठी एकाच साच्यातून निघे. रेडिओ नको म्हटलं तर रेडिओच्या जागी झाकणपट्टी बसे, घड्याळ नको म्हटलं तर त्याच्या जागी एक कोरी गोल चकती. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला, पाहुण्यालासुद्धा, कळे की इथे काही तरी असायचं होतं. त्या काळी लहान असलेली माणसं मला गाडीच्या रंगाआधी या पट्टीबद्दल सांगतात.

अशा बुजवलेल्या जागांबद्दल मी फार आधी ऐकलं होतं. माझे आजोबा मुंबईला शिवडीच्या कारखान्यात फिटर होते. जनरल मोटर्सनं 1928 साली तिथे जुळणी सुरू केली होती. गाड्या सुट्या भागांत, लाकडी खोक्यांतून बोटीनं येत आणि शिवडीत जोडल्या जात. मुंबईच्या गाडीला हीटर कोण मागणार? त्याच्या दांड्यांच्या जागा बुजवायचं काम आपल्याकडे असायचं, असं आजोबा सांगत. इथे पूर्ण मोटार बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्यांना सरकारनं 1953 नंतर राहू दिलं नाही, आणि 1954 मध्ये शिवडीचं काम थांबलं. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअरमध्ये क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जुळत होत्या. त्याच गाड्या पुढे कितीतरी वर्षं दादरहून पुण्याला टॅक्सी म्हणून धावल्या, मागच्या लांबरुंद सीटवर माणसं दाटून. आजोबांना अमेरिकेत धावणारी गाडी कधी पाहायला मिळाली नाही. मी इथे लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांचं पत्र आलं, त्यात एकच प्रश्न होता: तिकडच्या गाड्यांना ते हीटर खरोखर लागतात का?

आमच्या पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांचे वडील अलाबामातून उत्तरेला आले आणि ओतशाळेत लागले. त्यांच्या 1955 च्या टू-टेनचं बिल घरच्या बायबलमध्ये घडी घालून ठेवलेलं होतं. व्ही-8 इंजिन घेतलं आहे. पॉवरग्लाइड नाही. हीटर आहे, रेडिओ नाही. खाली दोन ओळी विक्रेत्यानं हातानं लिहिल्या आहेत: ऑइल फिल्टर, आणि बाहेरचा आरसा.

ऑइल फिल्टर वाचून आजचा मेकॅनिक चक्रावेल. पण त्या वर्षी शेवरलेनं नव्यानं काढलेल्या व्ही-8 च्या ब्लॉकमध्ये फिल्टरची सोयच नव्हती. हवा असेल त्यानं तो बाहेरून जोडून घ्यायचा. या माणसानं रेडिओचे पैसे तिकडे वळवले, कारण दर उन्हाळ्यात त्याला बायकोमुलांना घेऊन अलाबामाला जायचं होतं. दक्षिणेत त्या काळी काळ्या कुटुंबाला बहुतेक मोटेलांत खोली मिळत नसे, हॉटेलात जेवण मिळत नसे, पेट्रोल भरलं तरी तिथला संडास वापरू देत नसत. हार्लेममधले टपाल खात्यातले व्हिक्टर ह्यूगो ग्रीन 1936 पासून ‘ग्रीन बुक’ काढत होते, ते त्यासाठीच: कुठल्या गावात कोणाकडे उतरता येईल, कोणता न्हावी, कोणतं गॅरेज. एस्सोच्या पंपांवर ते पुस्तक मिळे. या घरातही ते होतं. तरी वडिलांचा भरवसा गाडीवर. गाडी वाटेत बंद पडता कामा नये, म्हणून फिल्टर. कोणी मागे लागलं तर वेग हवा, म्हणून व्ही-8. आणि मागून येणारी गाडी कोणाची आहे ते वेळेवर दिसावं, म्हणून बाहेरचा आरसा.

“आई डिकीत काय भरायची ते ऐका,” असं म्हणून त्यांनी मला सांगितलं. तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, पाण्याचे कॅन, पांघरुणं, एक झाकणाचा डबा, आणि वडिलांचे टाय. टाय कशाला, असं मी विचारलं. पोलिसानं थांबवलं तर लगेच बांधता यावा म्हणून. हीच गाडी आज एखाद्या प्रदर्शनात उभी केली तर तिच्यापुढे लोक पन्नासच्या दशकातल्या सुखाबद्दल बोलतील. तिच्या बिलावरच्या दोन हस्तलिखित ओळी वेगळंच सांगतात.

रेडिओ पुढे आला, भंगारवाल्याकडून. बापलेकांनी रविवारी बसून झाकणपट्टी काढली आणि तो बसवला. व्हॉल्व्हचा रेडिओ; बटण फिरवल्यावर तापायला वेळ घेई, मग गुरगुरे, मग बोले. त्याच्या पट्टीवर 640 आणि 1240 या आकड्यांपाशी लहान त्रिकोण होते. अणुहल्ला झाला तर सरकारी सूचना याच दोन जागी ऐकायच्या, म्हणून 1953 ते 1963 अमेरिकेत विकल्या गेलेल्या रेडिओंवर ती खूण सक्तीची होती. घरात मात्र त्या रेडिओचा उपयोग बेसबॉलला. 1960 पासून डेट्रॉइट टायगर्सचं समालोचन अर्नी हारवेल करू लागले, आणि सामना संपेपर्यंत वडील घरापुढे गाडीतच बसून राहत.

यादीत हौसेच्या गोष्टीही पुष्कळ, आणि त्यांतल्या काही मला मनापासून आवडतात. 1956 मध्ये क्रायस्लरनं गाडीत रेकॉर्ड प्लेअर दिला, हायवे हाय-फाय. सीबीएसच्या पीटर गोल्डमार्क यांनी त्यासाठी सात इंची, मिनिटाला 16⅔ फेरे घेणारी खास रेकॉर्ड काढली. ती घरच्या प्लेअरवर चालत नसे, दुकानात अशा रेकॉर्ड मोजक्याच मिळत, आणि काही वर्षांतच तो प्रकार बंद झाला. 1952 पासून कॅडिलॅक आणि ओल्डस्मोबीलला ऑट्रॉनिक आय मिळे. समोरून गाडी आली की डॅशबोर्डवरचा तो डोळा आपले दिवे आपोआप खाली करी. इंडियानातले राल्फ टीटर लहानपणीच आंधळे झाले, आणि तरी नावाजलेले इंजिनिअर झाले. त्यांचे वकील मित्र गाडी चालवताना बोलायला लागले की वेग कमी-जास्त होई, त्या हेलकाव्यांना कंटाळून त्यांनी वेग स्थिर ठेवणारं यंत्र शोधलं. 1958 साली क्रायस्लरनं ते ऑटो-पायलट या नावानं ऑप्शन म्हणून दिलं. गाडी स्वतः कधीही न चालवू शकणाऱ्या माणसानं, शेजारच्या सीटवर बसून, चालवणं समजून घेतलं.

बायकांना काय हवं याचा कंपन्यांनी केलेला विचार मात्र मला पटत नाही. 1955 ची डॉज ‘ला फेम’ गुलाबी-पांढरी होती, आणि तिच्याबरोबर पर्स, लिपस्टिकची डबी, रेनकोट, छत्री असा संच येई. दोन वर्षांत ती गुंडाळली. वाचनालयात येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना मी विचारते, तुम्हाला तेव्हा यादीतून काय घ्यायचं होतं? पॉवर स्टिअरिंग, असं त्या सांगतात. ते 1951 मध्ये क्रायस्लर इम्पीरिअलला पहिल्यांदा आलं, पण साध्या गाडीला कितीतरी वर्षं जादा पैशांनीच मिळे. गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात, बर्फात, जड स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढत गाडी लावलेली एक बाई मला तिच्या खांद्याकडे बोट दाखवून सांगत होती.

आणि सीट बेल्ट. 1956 साली फोर्डनं ‘लाइफगार्ड’ नावानं सुरक्षेची मोहीम काढली. खोलगट स्टिअरिंग आणि धडकेत न उघडणारी दारांची कुलपं सगळ्यांना, पण कमरेचा पट्टा आणि डॅशबोर्डवरची मऊ गादी मात्र ऑप्शन. म्हणजे पत्र्यावर आपटणारं डोकं वाचवायचं की टायरची कड पांढरी घ्यायची, हे एका कारखान्यातल्या कामगारानं एकाच रकमेतून ठरवायचं. माझ्या मते या यादीत हे कधीच असायला नको होतं. राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ 1965 मध्ये आलं, पुढच्या सप्टेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर सही केली, आणि 1968 पासून नव्या मोटारीला पट्टे बंधनकारक झाले. मधल्या बारा वर्षांतल्या बिलांत पट्ट्याची ओळ शोधायची मला सवयच लागली आहे.

1958 च्या कायद्यानं आणखी एक चांगली गोष्ट झाली. सिनेटर माइक मनरोनी यांच्या आग्रहामुळे प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर मूळ किंमत आणि एकेका ऑप्शनची किंमत छापील चिकटवणं भाग पडलं. तोवर विक्रेता तोंडाला येईल तो आकडा सांगे. अनेक घरांनी तो कागद जपून ठेवला आहे. साठच्या दशकातल्या कितीतरी गाड्यांत दुसराही कागद सापडतो. जुळणीच्या वेळी कामगारांना कोणता भाग लावायचा हे सांगणारा, सांकेतिक आकड्यांनी भरलेला, मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला.

असाच एक कागद मध्यंतरी एक बाई घेऊन आल्या, 1967 च्या प्लिमथ स्टेशन वॅगनचा. चार भावंडं, शेवटची सीट मागे तोंड करून, तिथे या आणि धाकटा भाऊ बसत. उन्हाळ्यात उत्तरेकडच्या तळ्यावर जाताना मागे उकडून निघत. “या मॉडेलला एसी येतच नाही,” असं वडील दर वर्षी सांगत, आणि मुलांनी ते खरं धरलं होतं. आम्ही दोघींनी कोड लावून कागद वाचला. एसी यादीत होता, घेतलेला नव्हता. घेतली होती ती मागची तिसरी सीट, आणि बोटीची ट्रॉली ओढायला लागणारी जड स्प्रिंगं. बाई थोडा वेळ त्या ओळीकडे पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, बोट विकली असती तर आम्हाला ते जास्त लागलं असतं. मूळ कागद त्यांनी आमच्याकडे ठेवला आणि चार झेरॉक्स काढून नेल्या, तीन भावांना आणि एक स्वतःला. धाकट्याच्या प्रतीवर एसीच्या कोऱ्या चौकटीभोवती पेनानं गोल करायला सांगितला.