अंतराळ-वसाहतीतला कारस्थानी : एका दुय्यम पात्राची पूर्वपीठिका

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ 1899 मध्ये रंगभूमीवर आले. पुढच्याच वर्षी कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळकोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूपांतर क्रमशः येऊ लागले. हे सान्निध्य योगायोगाचे खरे. परंतु मराठी विज्ञानकथेने पात्रविधानाचा कोणता वारसा घेतला आणि कोणता दूर ठेवला, याची खूण त्यात सापडते.

‘शारदे’तील भद्रेश्वर दीक्षित हे दुय्यम पात्र. कन्या त्याची नाही, विवाहही त्याचा नाही. तरीही कांचनभटाचा लोभ आणि वृद्ध भुजंगनाथाची हौस यांची गाठ तोच घालतो, आणि तीही निव्वळ दलालीसाठी. ‘एकच प्याला’तील तळीराम त्याच कुळीचा, वकिलीची सनद काही काळापुरती गमावलेल्या सुधाकराला पहिल्या पेल्याची वाट तो दाखवतो. दोघेही नवे पाप निर्माण करीत नाहीत. बंदिस्त समाजव्यवस्थेत आधीच पडलेली भेग हेरणे, एवढेच त्यांचे कर्तृत्व; आणि नाट्य घडते ते त्यातूनच.

व्हर्नच्या कादंबरीत असा कोणी नाही. बार्बिकेनचा विरोधक कॅप्टन निकोल जाहीर पैजा लावतो, द्वंद्वालाही सिद्ध होतो आणि अखेर त्याच्याच यानात बसतो. तो प्रतिस्पर्धी आहे, कपटी नव्हे.

अंतराळ-वसाहतीच्या कथेला कपटी माणसाची गरज का भासते, याचे बोलके उदाहरण ‘लॉस्ट इन स्पेस’ (1965–68) या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत मिळते. अल्फा सेंटॉरीकडे वसाहतीसाठी निघालेले रॉबिन्सन कुटुंब इतके सद्गुणी, की प्रारंभीच्या नमुना-भागात संघर्ष केवळ निसर्गाशी उरला. मग घातपाताच्या हेतूने यानात शिरून तेथेच अडकलेला डॉक्टर स्मिथ कथेत आला. श्रेयनामावलीत तो अखेरपर्यंत ‘खास पाहुणा’च राहिला, पण मालिका त्याने व्यापली. पुढे त्याचे विदूषकीकरण झाले, ही त्या पात्राची हानीच म्हटली पाहिजे.

मराठीत 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांच्या ‘कृष्णविवर’ला प्रथम पारितोषिक मिळाले. कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. (छद्म होते ते एवढेच, आणि तेही स्वतःची आद्याक्षरे उलटवून केलेले!) विज्ञानप्रसाराच्या संस्थेने जोपासलेल्या या साहित्यप्रकारात कल्पनेच्या शास्त्रीय शक्यतेला अग्रमान मिळणे स्वाभाविक होते. मात्र त्यामुळे मानवी डावपेच हे अज्ञानाचे अवशेष ठरले. विज्ञान वाढले की ते आपोआप ओसरतील, असा विश्वास कथनाच्या तळाशी राहिला.

वसाहतीची भौतिक रचना या विश्वासाला दुजोरा देत नाही. जिथे श्वासाची हवा आणि पिण्याचे पाणी मोजून वाटावे लागते, तिथे वाटपाची वही ज्याच्या हाती त्याचे महत्त्व यानाच्या कप्तानाहून कमी नसते. शारदेला घराबाहेर जाण्याची वाट नव्हती. वसाहतवासीयाला दाराबाहेर श्वासही नाही. भद्रेश्वराला याहून सोयीची जागा मिळाली नसती.